तुमची तारनाक्याची मुलगी

बाई,

मी हैदराबादला जाऊन आले. चाळीस वर्षांनी. हे कुणाला सांगावं तर तुम्हालाच, आणि तुम्ही तर कधीच गेलात. तुम्ही गेल्याचं मला कळलं तेही फार उशिरा, नांदेडला एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी बसलेल्या बाई भातावर वरण घेता घेता म्हणाल्या, ‘त्या हिमायतनगरच्या बाई वारल्या म्हणे, झालं की वर्ष.’ मी ताटावरून उठले नाही. पानातलं सगळं संपवलं, मठ्ठा प्यायले, आणि घरी येऊन मुलीची वेणी घालताना तिच्या डोक्यात उगाचच एक टपली मारली. तेव्हा शाळेत जाणारी ती मुलगी आता स्वतः कॉलेजात शिकवते. तिला कामासाठी थोडे दिवस हैदराबादला जायचं होतं, तर म्हटलं, मीही येते. ‘तुला काय करायचंय तिथे?’ असं तिनं विचारलं तेव्हा मी ‘माझं कॉलेज आहे’ एवढंच बोलले. तुमचं नाव घेतलं नाही.

कॉलेज मी फाटकातूनच पाहिलं. आत मुली होत्या, झाडं होती, ती कुठल्याही कॉलेजात असतात. मला पाहायचं होतं तुमचं घर. नारायणगुड्याकडून वळून हिमायतनगरात शिरले आणि पाय आपोआप चालायला लागले, पण जिथे थांबले तिथे चार मजली इमारत उभी. खाली चपलांचं दुकान. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिथे होती तिथे काचेच्या कपाटात लहान मुलांचे बूट मांडलेले. समोर मात्र शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचं दुकान तसंच आहे, आणि तेव्हाचा तरणा माणूस आता मेंदी लावलेल्या दाढीचा म्हातारा होऊन त्याच स्टुलावर बसलेला. मी तुमची चौकशी केली. म्हणजे तुम्ही नाही हे मला ठाऊक होतं, पण विचारायचं तरी काय दुसरं?

‘मराठीवाले बाई?’ तो चष्मा वर करून म्हणाला. ‘अरे अम्मा, उनो तो कब के गुजर गए. यहाँ से तो पहलेच चले गए थे. उनकी बेटी लेके गई ना उनको, तारनाके.’

‘बेटी? उनको बेटी कहाँ थी?’

‘हौ, थी ना. बेटीच थी,’ असं म्हणून त्यानं मला अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच कुणी भलती बाई चुकीच्या घराची चौकशी करतेय.

कोण ते मला लगेच कळलं, बाई. वरंगळची. तुम्हाला आठवतंय का, तिला तुम्ही घरी आणलंत तो दिवस? होस्टेलमध्ये तापानं फणफणली होती, बघायला कुणी नव्हतं. तुम्ही टांग्यातून तिला घेऊन आलात आणि मला म्हणालात, ‘पोरी, तुझी खाट जरा सरकव.’ तोपर्यंत ते घर माझं होतं. माझ्या वडलांनी तुमच्या भावाच्या ओळखीनं मला तुमच्याकडे ठेवलं तेव्हापासून सकाळचा चहा मी करायची, तुमच्या पांढऱ्या साड्यांना नीळ मी घालायची, वर्गात तुम्ही कविता म्हणताना थांबलात की पुढची ओळ मी सांगायची. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडायच्या आणि मी पाय पसरून तुमच्याशी बोलत राहायची. वर्गातली तुमची मराठी कोरी करकरीत, इस्त्रीची. पण त्या पाटावर बसलं की तुम्ही आपल्या परभणीकडच्या होऊन जायच्या. ‘काय करायलीस गं?’ ‘कामून उभी राहिलीस?’ ते बोलणं वर्गातल्या कुणा मुलीला ऐकायला मिळायचं नाही. ते माझं होतं.

ती तापातून उठली आणि गेलीच नाही. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायची आणि बसायची. शाळा तिची उर्दूत झालेली, घरी तेलुगू, मराठीचा तिला गंधही नव्हता. एका संध्याकाळी तुम्ही अंबाडीची जुडी सोडली आणि ती एकदम ‘गोंगूरा!’ म्हणून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, ‘गोंगूरा नाही, अंबाडी.’ तिनं मुकाट्यानं म्हटलं, ‘अंबाडी.’ आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही अर्धी जुडी तिच्यापुढे सारलीत, ‘ही तू तुझ्यासारखी कर,’ म्हणालात. त्या रात्री ताटात दोन भाज्या होत्या. तुम्ही तिची दोनदा मागून घेतलीत. मी मोजलं नव्हतं असं म्हणणार नाही.

मग तिनं मराठी बोलायला सुरुवात केली. ‘माझा आई आला.’ ‘पाणी गरम झाली.’ मी हसायची, आणि एकदा मैत्रिणी घरी आल्या असताना तिची नक्कल करून दाखवली. ती तिथेच होती, तीही हसत होती. तुम्ही आतून आलात. तुम्ही कधी आवाज चढवायच्या नाहीत, तेव्हाही चढवला नाही. ‘तुला तेलुगू किती येतं?’ तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, ‘नीळ्ळू म्हणजे पाणी.’ ‘आणखी?’ आणखी काही येत नव्हतं. ‘इथलं पाणी पितेस आणि पाण्यापुढं शब्द नाही तुझ्याजवळ,’ असं म्हणून तुम्ही आत गेलात. मैत्रिणी लवकर उठल्या. मला तुमच्या बोलण्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त झालं ते ती माझ्याजवळ येऊन ‘बाई रागावला, तू रडू नको’ म्हणाली त्याचं. तिनं माझी समजूत घालावी!

आणि मग भाषेवरून हैदराबादचं राज्य तुटलं. त्या दिवसांत दुसरं बोलणंच नव्हतं. कचेऱ्यांतून याद्या लागायच्या, कोण मुंबईकडे, कोण म्हैसूरकडे, कोण इथेच. गौलीगुड्याच्या बसस्टँडवर ट्रंका आणि वळकट्यांचे ढीग. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली माणसं एकमेकांना पत्ते लिहून देत होती. आपल्या गल्लीतली निम्मी मराठी घरं दिवाळीच्या आसपास रिकामी झाली. वडील मला न्यायला आले. ते ओसरीवर बसून तुम्हाला सांगत होते, ‘आता आमचा जिल्हा मुंबई राज्यात. इथली डिग्री तिकडं चालती न चालती. औरंगाबादेला कॉलेज आहे, आपल्या भाषेतली माणसं आहेत.’ मी दाराआड उभी. मला वाटत होतं, आता तुम्ही म्हणाल, हिचं शेवटचं वर्ष आहे, राहू द्या. तुम्ही नुसतं म्हणालात, ‘न्या की. हुशार आहे, तिचं कुठंच अडायचं नाही.’ किती सहज म्हणालात! निघताना तुम्ही मला एक पुस्तक दिलंत, वर्तमानपत्रात गुंडाळून. काचीगुड्याला गाडीत बसल्यावर मी ते उघडलं. मला वाटलं कविता असतील. तेलुगूची मुळाक्षरं निघाली. बाळबोध, चित्रांची. मी ते बाकाखाली टाकून दिलं, निझामाबादच्या पुढे कुठेतरी.

तरी मी तुमची वाट पाहिली. मराठीचे सगळे प्राध्यापक तिकडे येणार असं सगळे म्हणत होते. औरंगाबादच्या कॉलेजात नवीन कुणी बाई रुजू झाल्या की मी जिना चढून पाहायला जायची. तुम्ही आला नाहीत. पत्रांना तुमची कार्डं यायची, दोन-दोन ओळींची, ‘अभ्यास कर, प्रकृती जप.’ लग्नाला आशीर्वाद आले. मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही तिच्यासाठी राहिलात. पुढे पुण्यात संसार झाला. सासूबाई चांगल्या होत्या, फक्त मी ‘भाजी करायली’ म्हटलं की हसायच्या. ‘करायली नाही गं, करतेय म्हणावं.’ त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण मी शिकले. वर्षभरात माझी जीभ अशी धुऊन निघाली की नांदेडला गेले की भावजया म्हणायच्या, पुण्याच्या बाई आल्या.

तर त्या मशीनवाल्याकडून पत्ता घेऊन तारनाक्याला गेले. रेल्वेच्या क्वार्टर्सच्या पलीकडे एक छोटं घर, दाराशी रांगोळी, तेलुगू पद्धतीची, ठिपक्यांभोवती फिरणारी. मी कडी वाजवली. आतून आवाज आला, ‘आले, आले. उभ्या कामून राहिलात? दार उघडंच आहे.’

बाई, तो तुमचा आवाज नव्हता. तिचा आवाज जाडसर आहे. पण शब्द उचलायची ती पद्धत, ‘कामून’वर किंचित रेंगाळणं, ‘आहे’चा शेवट खाली सोडून देणं! तिनं मला पाहिलं, पाहत राहिली, आणि म्हणाली, ‘तुम्ही नांदेडच्या ना? आमच्या अम्माकडच्या?’ ती तुम्हाला अम्मा म्हणते. मी कधी ‘बाई’च्या पुढे गेले नाही. जायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

नवरा वारलाय तिचा, रेल्वेत होता. मुलगा परदेशात. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि बोलत सुटली, ‘काय करायलात आता? मुलं काय करायलीत? पाय दुखायलेत का, वर घ्या की.’ मी उत्तरं देत होते, आणि माझ्या तोंडून निघत होतं ‘करतेय’, ‘दुखतायत’. ती थोडी अवघडली. म्हणाली, ‘तुमची मराठी लई शुद्ध आहे. माझी काय, ऐकून ऐकून आलेली. वाचायला अजून अडते मी.’ तिला काय सांगू? की माझ्या आईची, माझ्या गावची, तुमच्या पाटावरची भाषा तिच्या तोंडात बसलीय आणि माझ्या तोंडात दुसऱ्याच कुणाची? राज्यं करताना सगळ्यांना वाटून दिलं, ज्याची भाषा त्याच्याकडे. माझी तारनाक्याला राहिली, आणि ती वरंगळच्या एका मुलीच्या वाट्याला गेली.

तिनं जेवायला थांबवून घेतलं. अंबाडीची भाजी होती, तुमच्यासारखी, कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी, आणि ज्वारीची भाकरी. भाकरी थापताना ती तुमच्यासारखीच करंगळी वर धरते. वाढता वाढता तिनं तुमची शेवटची वर्षं सांगितली. मोतीबिंदू बिघडला, दिसेनासं झालं, हिमायतनगरचं घर मालकानं विकायला काढलं, तेव्हा तिचा नवरा स्वतः रिक्षा घेऊन तुम्हाला आणायला गेला. दुपारी ती तुम्हाला मराठी पेपर वाचून दाखवायची, अडखळत, आणि तुम्ही डोळे मिटून चुका सुधारायच्या. रविवारी ती तुमचे केस शिकेकाईनं धुवायची. ‘पांढरेशुभ्र, आणि इतके मऊ,’ ती म्हणाली, आणि बोटांनी दाखवलं कसे ते. मी त्या बोटांकडे पाहत होते. तुमच्या केसांना मी कधी हात लावला नव्हता.

‘पण बाई तिकडे आल्या का नाहीत?’ मी विचारलं. ‘सगळे तर आले.’

‘मीबी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, तिकडं शिकवणाऱ्या पुष्कळ होतील, इथल्या पोरींना कोण शिकवील? शेवटी शेवटी वर्गात दोन-तीन पोरी असायच्या. तरी घड्याळ बघून जायच्या.’

म्हणजे तिच्यासाठीही नाही. माझं इतक्या वर्षांचं मनाशी ठरवलेलं खोटं निघालं, तरी बरं वाटलं नाही. मी हळूच विचारलं, ‘माझी आठवण काढायच्या का?’

ती थबकली. अगदी क्षणभर. मग म्हणाली, ‘काढायच्या की. सगळ्याच पोरींची काढायच्या.’ आणि माझ्या पानात तूप वाढलं.

ते तूप मला नको होतं, बाई. तिनं दयेनं वाढलेलं तूप. ती पुढे सहज म्हणाली, ‘तुमच्याकडं कधी आल्या होत्या का अम्मा?’ आणि मी म्हटलं, ‘हो. माझ्या पहिल्या बाळंतपणात आल्या होत्या की, पुण्याला.’

कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. एकदा तोंडातून निघालं आणि मग थांबेना. मी सांगितलं की तुम्ही आपणहून आलात, दारात उभ्या, हातात ती कापडी पिशवी. मला खिमट करून घातलंत. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलंत, तेल जिरवून जिरवून. सासूबाई म्हणाल्या सुद्धा, या तर माहेरची माणसं वाटतात. ती ऐकत होती. भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला.

‘कधी हे?’ तिनं विचारलं. मी साल सांगितलं. ती मनाशी हिशेब करत होती. ‘मी काझीपेटला होते तेव्हा,’ ती म्हणाली. ‘माझा पोरगा बी त्याच सुमाराचा. मी बोलावलं होतं अम्माला. पत्र टाकलं, माणूस पाठवला. काझीपेट काय लांब आहे? म्हणाल्या, कॉलेज सोडून कसं येऊ.’ 

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. जेवणं होईस्तोवर ती फार बोलली नाही, आणि मी मात्र भाकरी मागून घेतली, भाजी मागून घेतली, भाजीचं कौतुक केलं. निघताना ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. रिक्षावाल्याशी तेलुगूत भांडून तिनं भाडं कमी करून घेतलं, मग माझा हात धरला. तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, आता ती काही लागेल असं बोलणार, आणि मी त्याला तयार होते.

‘बरं झालं सांगितलंत,’ ती म्हणाली. ‘मला नेहमी वाटायचं, अम्माला आपलं माणूस कुणी मिळालं नाही. मी किती बी केलं तरी मी परकीच, तेलुगूवाली. सणावारी गप्प बसून राहायच्या. वाटायचं, यांच्या मांडीवर आपलं लेकरू कधी आलंच नाही. आलं होतं की! तुमचं आलं होतं.’ आणि तिनं माझा हात तिच्या गालाला लावला.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी चढले.

पुण्याला आल्यापासून तिचा फोन येतो. तिच्याकडे फोन नाही, ती कोपऱ्यावरच्या बूथवरून करते, म्हणून भराभर बोलते. ‘काय करायलात?’ म्हणून सुरुवात, इकडचं तिकडचं, आणि मग दर वेळी तीच गोष्ट. अम्मा तेव्हा कशा दिसायच्या? बाळाला काय म्हणून हाक मारायच्या? पुणं आवडलं का त्यांना? मी सांगते. परवा सांगितलं की तुम्हाला पुण्याची भाजी सपक लागली, तर ती खदखदून हसली, ‘लागणारच!’ मलाही हसू आलं. खरं सांगितलं तर ती मला माफ करील, मला माहीत आहे. तिच्याकडून तेवढीही एक गोष्ट घेण्याइतकं माझं मन मोठं नाही. आणि दुसरं असं की आता खरं सांगणं म्हणजे तुमच्या मांडीवरचं ते लेकरू तिच्याकडून काढून घेणं.

हे पत्र मी पाकिटात घातलं होतं. वर पत्ता लिहायला गेले तर तुमचा एकच पत्ता सुचला, तारनाक्याचा, आणि तो तिचा आहे. तेव्हा ते कुठे जाणार नाही.

काल पुन्हा तिचा फोन होता. तिनं विचारलं, ‘निघाल्या तेव्हा काय म्हणाल्या अम्मा?’ मी म्हटलं, ‘काही नाही गं. रडायल्या होत्या.’ एवढं एक, बाई, मी तिला सांगितलं ते तिला जळवायला नव्हतं. ते मला ऐकायचं होतं.